महालातला ऑर्गनवाला व्हिएन्नाच्या ऑपेरात

मे महिन्यात नागपूर सोडून जाणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही. पारा 45 च्या आसपास होता, सोनेगावच्या विमानतळावरून आम्ही चौघं निघालो, दोह्याला विमान बदललं आणि व्हिएन्नात उतरलो तेव्हा स्वेटर लागत होता. राजवाडे, बागा, केक यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला एका संध्याकाळबद्दल लिहायचंय, आणि तेही रंगमंचावरच्या मंडळींबद्दल नाही, त्यांच्यापुढच्या खड्ड्यात बसलेल्या वादकांबद्दल. याला जबाबदार आमचे काका.

काका नागपूरच्या महाल भागातले. दिवसा बँक, संध्याकाळी ऑर्गन. झाशी राणी चौकातलं जुनं धनवटे रंगमंदिर, पुढे सिव्हिल लाइन्सचं वसंतराव देशपांडे सभागृह, दोन्हीकडे त्यांनी संगीत नाटकांना साथ केली. पायाने भाता, बोटं पट्ट्यांवर आणि नजर नटाच्या ओठांवर. त्यामुळे व्हिएन्ना म्हटल्यावर काकूंनी राजवाड्यांची यादी केली आणि काकांनी एकच गोष्ट सांगितली, "ऑपेरा पाहू. खड्ड्यातले लोक दिसतील अशी जागा घे बे."

बसायची तिकिटं आमच्या खिशाला झेपणारी नव्हती. पण व्हिएन्ना स्टेट ऑपेरात उभं राहून पाहायची स्वस्त तिकिटं असतात, ती साधारण त्याच दिवशी मिळतात. पुढ्यातल्या कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधला की जागा आपली. काकांनी गळ्यातला पांढरा दुपट्टा काढून बांधला. नागपूरच्या उन्हासाठी घेतलेला, तो इथे कामी आला. आम्ही वर गॅलरीत, बाजूला. तिथून रंगमंच अर्धाच दिसतो, वाद्यवृंद मात्र बराचसा. काका खूश. बायको आणि काकू पलीकडे, जिथून रंगमंच दिसतो तिथे. समोरच्या छोट्या पडद्यावर अर्थ वाचायला भाषा निवडता येते. मराठी अर्थातच नाही.

त्या रात्री 'तोस्का' होतं. इटालियन संगीतकार पुच्चिनीचा हा ऑपेरा 1900 मध्ये रोममध्ये पहिल्यांदा झाला, आणि व्हिएन्नात आजही 1958 सालचीच मांडणी चालते. तिचे 600 हून अधिक प्रयोग झालेत. म्हणजे नेपथ्य तेच, हालचाली त्याच, गायक मात्र सतत नवे. कोणी न्यूयॉर्कहून येतो, चार प्रयोग गातो, जातो. कधी दुपारी कुणाचा घसा बसतो आणि दुसरं कुणी दुसऱ्या शहरातून विमानाने येऊन संध्याकाळी उभं राहतं. आमच्या शेजारी उभी असलेली एक म्हातारी बाई, तिथली नेहमीची, मोडक्या इंग्रजीत म्हणाली की अशा चालू नाटकांना वाद्यवृंदासह तालीम बऱ्याचदा होतच नाही. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते कठड्यावरून जरा पुढेच वाकले.

खरी गंमत इथे आहे. सप्टेंबर ते जून या हंगामात या थिएटरात सुमारे 300 संध्याकाळी पडदा उघडतो. आज हे, उद्या ते, परवा बॅले. पन्नासहून जास्त वेगवेगळ्या कृती एका हंगामात. हे सगळं घरच्या वादकांच्या जिवावर चालतं. बाहेरून आलेल्या गायकाला एखादा सूर लांबवायचा असेल, श्वास कमी पडत असेल, तर ते समोर उभं राहून हाताने वाद्यवृंद चालवणाऱ्या संचालकाला कळतं आणि त्याच्या हातातून वादकांना. पण नुसत्या हाताकडे पाहून हे होत नसावं. दुसऱ्या अंकात एका जागी गायिकेने ओळ अपेक्षेपेक्षा आधी सोडली. व्हायोलिनवाल्यांनी तिच्याबरोबर गज उचलला, आणि संचालकाचा हात, मला तरी, त्यानंतर खाली आल्यासारखा वाटला. काका पुटपुटले, "ऐकून वाजवून राहिले हे."

काकांच्या लेखी याहून मोठी शाबासकी नाही.

पहिल्या अंकाच्या शेवटी चर्चचा प्रसंग आहे. घंटा, तोफ, समूहगान आणि त्यात ऑर्गन. काकांनी माझा दंड धरला. दुसऱ्या अंकात खिडकीबाहेरच्या मेजवानीचं संगीत ऐकू येतं, बासरी, व्हायोला आणि हार्प, ते खड्ड्यातून नाही, रंगमंचामागून. अशा कामासाठी या ऑपेराचा वेगळा 'मंच वाद्यवृंद' आहे. मागे बसलेल्यांना संचालक टीव्हीच्या पडद्यावर दिसतो. तिसऱ्या अंकात पहाट होते तेव्हा आधी चार हॉर्न एकसुरात, मग दूरवर घंटा, पुढे फक्त चार चेलो. नायक मरणाच्या उंबरठ्यावर बसलेला, आणि त्याची चाल आधी क्लॅरिनेट गातं. तो त्यावर नुसता बोलल्यासारखे शब्द ठेवतो. आपल्याकडे ऑर्गनवाला पदाची पहिली ओळ देतो तेव्हा नटाला सूर मिळतो. इथे क्लॅरिनेट त्याच्या वाटणीचं दुःखही आधीच मांडून मोकळं होतं.

पद संपल्यावर टाळ्या झाल्या, पण वन्स मोअर नाही. काका जरा हिरमुसले. तिथे तो क्वचितच होतो, आणि झाला की काय घडतं याचा एक किस्सा आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये याच थिएटरात, याच पदाला योनास काउफमन या जर्मन गायकाला वन्स मोअर मिळाला. त्याने पुन्हा गायलं, वाद्यवृंद पुढे निघाला आणि नायिका रंगमंचावर आलीच नाही. शेवटी त्याने गातगातच लोकांना सांगितलं की आपल्याकडे नायिका नाही. काका इतके हसले की पुढच्या रांगेतल्याने वळून पाहिलं. "आमच्या इथे पेटीवर मी दहा मिनिटं काढली असती," म्हणाले.

त्याआधी मध्यंतरात जिन्यावर बसून ते गंधर्व नाटक मंडळीकडे वळले. 1913 मध्ये बालगंधर्वांनी ती काढली. तबल्यावर थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष, ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे. कंपनी गावोगाव फिरायची आणि साथीदार तिच्याबरोबर. "कंपनी कर्जात गेली तसे साथीदार पांगले," काका म्हणाले. मला नागपुरातले प्रयोग आठवले. हौशी संस्था, वर्षात थोडे खेळ, वादक फोन करून जमवलेले, बहुधा जुनी ओळख म्हणून कमी पैशात आलेले. पगारी वाद्यवृंद बाळगणं ही श्रीमंती आहे, आणि ती तिथल्या सरकारने उचलली आहे. आपण उत्तम वादक तयार करतो आणि त्यांना बँकेत पाठवतो, असं माझं मत आहे. काकांना ते पटलं नाही. बँकेने पेन्शन दिली, म्हणाले.

याच वादकांतून जगप्रसिद्ध व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंद बनतो, हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. 1842 साली सुरू झालेली ती वादकांची स्वतःची संस्था आहे, कारभारही तेच पाहतात. पण तिच्यात थेट शिरता येत नाही. आधी परीक्षा देऊन ऑपेराच्या खड्ड्यात जागा मिळवायची, किमान तीन वर्षं वाजवायचं, मग अर्ज. म्हणजे 1 जानेवारीच्या नववर्ष मैफलीत टीव्हीवर जगभर दिसणारे ते कोटवाले रात्री गायकांच्या मागे मागे जाऊन शिकलेले असतात. सगळंच गौरवाचं नाही: 1938 मध्ये ज्यू वादकांना काढून टाकलं, काही छळछावण्यांत मेले. आणि स्त्रियांना सभासद करून घ्यायला 1997 उजाडलं. त्याआधी हार्पवाली कित्येक वर्षं वाजवत होती, सभासद मात्र नव्हती.

इमारतही तितकी जुनी नाही जितकी वाटते. 1869 मध्ये उघडलेलं थिएटर 12 मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. पुन्हा उघडायला 5 नोव्हेंबर 1955 लागला. मधली दहा वर्षं मंडळी दुसऱ्या थिएटरांत वाजवत राहिली. छप्पर गेलं, वादक टिकले, आणि थिएटर परत उभं राहिलं तेव्हा त्यांना सगळं येत होतं.

तुम्ही जाणार असाल तर एवढंच: जुलै-ऑगस्टमध्ये हे थिएटर बंद असतं, म्हणून शाळांच्या सुट्ट्या लागल्या की लगेच निघा. बूट मऊ घाला. आणि वाद्यवृंद पाहायचा तर वरची, बाजूची जागा.

बाहेर पडताना काकांनी फलकापुढे थांबून विचारलं, उद्या काय आहे. बॅले होता. "त्यालाही हेच वाजवणार?" हेच. काकूंनी पर्समधून साल्झबर्गची रेल्वे तिकिटं काढून दाखवली. काका ऐकेनात. शेवटी काकू आणि माझी बायको साल्झबर्गला गेल्या, आणि आम्ही दोघं दुपारपासून परत रांगेत.