जिप्सीचं इंजिन शोधताना: खालचा ऑइल संप बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका

चौथ्या शनिवारी इंजिन घरी आलं, कंबर धरलीय पण आजच लिहितो, कारण अजून दोघेतिघे याच मागं फिरतायत हे मला माहीत आहे.

माझी गाडी ट्रायम्फ स्पिटफायर, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, 1147 सीसी. क्रँक (इंजिनातला मुख्य दांडा) ग्राइंड करून करून आता बेअरिंगचा पुढचा साइझच उरला नाही. म्हणून मारुती जिप्सीचं 1298 सीसी इंजिन. जिप्सीच का, तर तिचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सला जोडलेला नसतो, मागं वेगळा असतो, मध्ये छोटा शाफ्ट. तो केस काढला की गिअरबॉक्समधून सरळ मागच्या डिफरन्शियलला शाफ्ट नेता येतो.

पहिले दोन शनिवार हुबळी आणि गोकाक. रस्ता चांगला, माणसं चांगली, माल नाही.

तिसरा शनिवार संकेश्वर. हायवेजवळचं एक यार्ड, फोनवर छातीठोक सांगितलं, मिलिटरी जिप्सीचं आहे साहेब, एमपीएफआय (कार्बोरेटर नाही, इंजेक्शनवालं), सोळा वाल्व्ह. गेलो, ब्लॉकवर जी13बीबी वाचलं आणि खूश झालो, 65 हजार सांगितले ते 48 वर आणले, टेम्पोचे 3,500, हमाली 800 वेगळी. बेळगावात उद्यमबागला आमच्या मिस्त्रींनी ताडपत्री बाजूला केली, वाकून खाली बघितलं आणि म्हणाले, "हे एस्टीमचं आहे की हो!"

जी13बीबी हाच नंबर मारुतीच्याच एस्टीम कारलाही होता. एस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं, जिप्सीत उभं, त्यामुळं संप (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) वेगळा, आतला ऑइल पिकअप पाइप वेगळा, माउंटिंगचे ब्रॅकेट वेगळे. आणि यातला एकही पार्ट मला सुटा मिळाला नाही, मी सगळीकडं विचारलं. परत घेऊन गेलो तर यार्डवाला म्हणतो, तुम्हीच बघून नेलंय की. तासभर भांडून 38 हजार परत मिळाले. दहा हजार आणि दोन्ही वेळचं टेम्पोभाडं पाण्यात. राग अजून गेलेला नाही. फोनवर कोण काय सांगतंय त्याला काडीची किंमत देऊ नका. इंजिन गिअरबॉक्सला जोडलेलं नसेल तर तिथं थांबूच नका. आणि कन्नड नीट बोलणारा माणूस बरोबर न्या, माझं मोडकं कन्नड ऐकून त्यानं भाव वर ठेवला हे नक्की.

चौथा शनिवार निपाणी. एका म्हाताऱ्या मेकॅनिककाकांकडं आख्खी जिप्सी कापायला उभी होती, इंजिन गाडीतच. बॅटरी लावून चालू करून दाखवलं, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला 175 ते 182 पीएसआय. इंजिन, गिअरबॉक्स, आख्खं वायरिंग, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), सेन्सर, अॅक्सिलरेटर केबलसकट 62 हजार, आणि मी घासाघीस केली नाही. वायरिंग कापून देतो म्हणाले तर नको म्हणा, अर्धा दिवस घालवा पण कनेक्टरसकट काढून घ्या. ट्रान्सफर केसला जाणारा छोटा शाफ्टही मागून घ्या, त्याच्या फ्लँजवरूनच (टोकाची बोल्टची चकती) टर्नरला नवीन शाफ्टचं माप देता येतं. टेम्पोत गिअरबॉक्सखाली टायर टाका आणि दोन्हीकडून बांधा, तवंदी घाटात आमचा सरकला होता, काळजाचं पाणी झालं.

एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. जिप्सीची स्पीडोमीटर केबल ट्रान्सफर केसमधून निघते. केस गेला की काटा मेला. जीपीएसवर चालणारा मीटर आत्ताच बजेटमध्ये धरा.

कागद: इंजिन नंबर लिहिलेलं बिल आणि त्या गाडीच्या आरसीची कॉपी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आरटीओची परवानगी आधी, बदल नंतर. काकांनी बिल स्वतःच्या हातानं लिहून दिलं, संकेश्वरवाल्यानं बिलाचं नाव काढल्यावर विषयच बदलला होता, तेव्हाच उठायला पाहिजे होतं.

स्पिटफायरच्या पुढच्या सस्पेन्शनचं सामान कुणाला पाहिजे असेल तर, स्पिटफायरची चासी हेराल्डवरूनच केलेली आणि हेराल्ड मद्रासला बनायची, त्यामुळं जुन्या स्पेअरच्या दुकानात स्पिटफायर म्हणू नका, स्टँडर्ड हेराल्ड म्हणा. मला ट्रनियनची (पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनमधला फिरता सांधा) एक जोडी तशीच मिळाली, कागदात गुंडाळलेली, कोरी.