केन्ड्रिकचा 'मिस्टर मोराल' आणि आपल्याकडचे बाप

अमेरिकन रॅपर केन्ड्रिक लमारचा 'मिस्टर मोराल अँड द बिग स्टेपर्स' हा अल्बम मे २०२२ मधे आला तेव्हा आमच्या ग्रुपमधली निम्मी पोरं नाराज झाली, म्हणजे आधीच्या 'डॅम' अल्बमला २०१८ चं पुलित्झर पारितोषिक मिळालेला माणूस, पाच वर्षं वाट बघायला लावली आणि आल्यावर काय तर स्वतःचं रडगाणं. मला तेच भिडलं. बाहेरख्याली, जोडीदाराला दिलेला त्रास, थेरपी, सगळं स्वतःच्या तोंडाने सांगतो आणि कुठेही स्वतःला वाचवत नाही.

अल्बमभर अधूनमधून टॅप डान्सच्या बुटांचा खडखडाट येतो. आधी वाटलं बीटचाच भाग असेल. मग ते कडाक्याचं नवरा-बायकोचं भांडण असलेलं गाणं संपतं आणि त्याची जोडीदार व्हिटनी म्हणते की आता मूळ विषयाभोवती नाचणं बंद कर, तेव्हा कळतं की ते पाय विषय टाळणाऱ्याचे आहेत!

पण मी अडकलो ते 'फादर टाइम' या गाण्यात. सुरुवातीलाच व्हिटनी सांगते थेरपी घे, हा उडवून लावतो, आणि मग बापाबद्दल बोलायला लागतो. बापाची आई वारली तरी तो लगेच कामावर, पोराने विचारलं एवढ्यात का, तर उत्तर असं की आयुष्य असंच असतं, बिलं काय थांबतात का. अरे हे तर आमच्या लालबागच्या चाळीतल्या प्रत्येक घरात झालंय! आजीचे दिवस उरकले आणि दुसऱ्या दिवशी बाबा डबा घेऊन नेहमीच्या लोकलला, आणि आम्ही सगळे म्हणायचो बघा किती खंबीर. त्यांना कसं वाटतंय हे कोणी विचारलंच नाही, आईने पण नाही.

'मदर आय सोबर' मी रोज नाही ऐकू शकत. आईवर झालेला अत्याचार, नात्यातल्या भावाने तुला हात लावला का हा लहानपणी त्याला पुन्हा पुन्हा विचारलेला तोच प्रश्न, तो नाही म्हणतो आणि घरच्यांना पटत नाही, गायिका बेथ गिबन्सचा तो थकलेला आवाज. शेवटी त्याची लहान मुलगी थँक्यू म्हणते तिथे माझा घसा दाटतो.

लैंगिक अत्याचाराचा आरोप झालेल्या रॅपर कोडॅक ब्लॅकला एवढी जागा दिलीय ते मला आजही खटकतं, आईवरच्या अत्याचाराबद्दल बोलणाऱ्या अल्बममधे तर जास्तच.

आपल्या मुंबईच्या रॅपने गल्ली दाखवली, कुर्ला दाखवला, अंधेरी दाखवली, मनापासून दाखवली. आता कोणीतरी खोलीचं दार लावून घरातलं बोला रे, मराठीत बोला, मी पहिल्या दिवशी ऐकेन.