राजीनामा नको, कपातीचं पत्र द्या

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्यात मी १९ वर्षं सिलिंड्रिकल ग्राइंडर चालवला, म्हणजे गोल भाग घासून अचूक मापात आणणारं मशीन. तीनचाकीच्या इंजिनाचे कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडझाप करणारे दांडे, आमच्या खात्यातून जायचे. विजेच्या गाडीत कॅमशाफ्ट नसतो, व्हॉल्व्ह नसतो, पिस्टन नसतो, क्लचही नसतो. आणि आपल्या देशात विजेवर सगळ्यात भराभर गेली ती तीनचाकीच. ऑर्डर आधी निम्मी झाली, मग तिसरी शिफ्ट बंद, मग ओव्हरटाइम बंद. २०२५ उजाडलं तेव्हा आमच्या खात्यातली अर्धी मशीनं झाकलेली होती.

मला विजेच्या गाड्यांचा राग नाही. सीएनजीच्या आधीची पुण्यातली रिक्षा ज्याने सिग्नलला शेजारी उभं राहून हुंगली आहे, तो या बदलाला नावं ठेवणार नाही. माझं म्हणणं फक्त कागदाबद्दल आहे.

एका शनिवारी आम्हा नऊ जणांना एचआरने एकेक करून आत बोलावलं. समोर छापील अर्ज. ‘मी माझ्या वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने राजीनामा देत आहे.’ खाली सहीची जागा, शेजारी चेकचा फोटो. ग्रॅच्युइटी वगैरे सगळं धरून अडीच लाख. ‘आज सही केलीत तर सोमवारी पैसे खात्यात,’ असं तो मुलगा म्हणाला. वाईट नव्हता, त्यालाही वरून सांगितलेलं. मी म्हटलं, ‘सर, घरी विचारून सांगतो.’

घरी विचारलंच, पण त्याआधी आमच्या चाळीतल्या काकांना विचारलं. काका निवृत्त, आयुष्यभर युनियनमध्ये. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘अरे, कारण तुझं वैयक्तिक आहे की कंपनीचं? कंपनीकडे काम नाही म्हणून माणूस काढला तर ती कामगार कपात. तसं पत्र माग. ते मिळेपर्यंत कशावरही सही करू नकोस.’ मग वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला.

तो हिशेब इथे देतो, कारण बहुतेकांना तो कोणी सांगत नाही. तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याच्या २५-एफ कलमाप्रमाणे कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि भरलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागायचा. माझा एकूण पगार २३,४०० होता. १५ दिवसांचे ११,७०० धरले तर १९ वर्षांचे २,२२,३००. नोटिशीचे २३,४००. ग्रॅच्युइटी वेगळी. तिला मूळ पगार आणि महागाई भत्ता धरतात, आणि महिन्याचे कामाचे दिवस म्हणून २६ ने भागतात. माझे ते १५,६०० होते, म्हणजे दिवसाचे ६००, दर वर्षामागे १५ दिवसांचे ९,०००, एकूण १,७१,०००. तिन्ही मिळून ४,१६,७००. राजीनाम्यावर सही केली असती तर १,६६,७०० रुपये मी हसतहसत सोडून आलो असतो. खरं तर या १९ वर्षांच्या आधीही दोन वर्षं मी तिथेच होतो, पण ठेकेदाराच्या नावावर. ती कुठेच धरली गेली नाहीत.

नऊपैकी एकाने त्याच शनिवारी सही केली होती. मुलीचं लग्न महिन्यावर आलं होतं, त्याला दोष कसा देणार?

उरलेल्या आठ जणांनी मिळून वाकडेवाडीला कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज दिला. सोबत नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा आणि पीएफचं पासबुक. एकाचं नेमणूकपत्र सापडत नव्हतं, तर पासबुकातल्या पहिल्या भरण्याच्या महिन्यावरून त्याची नोकरी किती वर्षांची ते सिद्ध झालं. भोसरीहून वाकडेवाडीला बहुतेक वेळा विजेची बसच मिळायची. गार, बिनआवाजाची, मला आवडते. फक्त एकदा कंडक्टरशी बोलताना कळलं की तो पीएमपीचा, म्हणजे शहर बससेवेचा, आणि ड्रायव्हर मात्र बस पुरवणाऱ्या कंपनीचा. एकाच बसमध्ये दोघांचा मालक वेगळा. त्या दिवसांत मला असल्याच गोष्टी दिसायच्या.

तारखा पडत गेल्या. कंपनीचा वकील म्हणायचा, काम संपलं त्याला आम्ही काय करणार. आमच्या बाजूने काकांनी एकच प्रश्न लावून धरला: ज्येष्ठता यादी, म्हणजे कोण कधी लागला त्याची यादी, कुठे आहे? एका प्रकारच्या कामातून माणसं कमी करायची असतील तर शेवटी लागलेला साधारणपणे आधी जातो, असं कायदा म्हणतो. वेगळं केलं तर कारण नोंदवावं लागतं. आणि दुसऱ्या लाइनवर आमच्यानंतर लागलेले ग्राइंडर चालवणारे कामावर होते, कारण त्यांचा पगार कमी. यादी लावलेलीच नव्हती. तिथून कंपनीचा सूर उतरला. पावसाळ्यात तडजोड झाली: पूर्ण रक्कम, दोन हप्त्यांत, आणि प्रत्येकाला पत्र, कारण ‘कामगार कपात’.

या दोन शब्दांवर किती काय अडलेलं असतं ते मला आमच्यातल्या धाकट्या सोबत्यामुळे कळलं. त्याचा पगार २१,००० च्या आत, म्हणून तो ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात. ईएसआयची तेव्हा अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना होती: नोकरी गेली तर आयुष्यात एकदा, ९० दिवसांपर्यंत, सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम. पण स्वेच्छानिवृत्ती किंवा गैरवर्तनामुळे नोकरी गेली असेल तर नाही. त्याच्या हातात कपातीचं पत्र होतं, पैसे मिळाले. सही करून गेलेल्याला त्याच्या अर्जातला ‘स्वेच्छेने’ नडला. माझा पगार मर्यादेच्या वर गेलेला, त्यामुळे मी त्या योजनेत नव्हतोच. पगारवाढ झाली तेव्हा पेढे वाटले होते.

पीएफबद्दल एवढंच: तेव्हाच्या नियमाने बेकारीच्या एका महिन्यानंतर ७५ टक्के काढता येत होते. मी घराच्या हप्त्यापुरते काढले, बाकी राहू दिले. १० वर्षं भरली असतील तर पेन्शनच्या भागाला हात लावता येत नाही, ते बरंच आहे.

आता प्रशिक्षण. जो भेटेल तो सांगायचा, ‘ईव्ही शिका.’ चौकशी केली. आयटीआयमध्ये मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकलचा ट्रेड आहे, पण तो दहावी झालेल्या पोरांसाठी, दोन वर्षांचा. मी ४४ वर्षांचा. छोटे कोर्स आहेत, काही फुकटही आहेत. फी हा प्रश्न नव्हताच. दिवसभर वर्गात बसलो तर त्या महिन्याचं वाणसामान आणि मुलाची फी कोण भरणार, हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. शिकण्याच्या काळात पगाराचा काही भाग मिळाला असता तर मी नक्की बसलो असतो. त्याऐवजी चाकणला एका ठेकेदाराकडे पॅकिंगला लागलो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे लागू झाले, त्यात कपात झालेल्याच्या खात्यात पुनर्कौशल्य निधीतून, म्हणजे नवं काम शिकण्यासाठीच्या निधीतून, १५ दिवसांचा पगार जमा करायची तरतूद आहे. पंधरा दिवसांत काय शिकून होतं ते विचारू नका. आणि तोही कपात झालेल्यालाच, राजीनामा दिलेल्याला नाही.

गंमत अशी की माझं काम गेलेलंच नाही. विजेच्या मोटारीलाही शाफ्ट असतो, त्यावर बेअरिंग बसतं, आणि ती जागा मायक्रॉनमध्येच, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या मापात, घासावी लागते. उलट इंजिनाचा आवाज नसल्याने गिअरची बारीकशी घरघरही ऐकू येते, म्हणून मापं आणखी कडक. माझ्याच जुन्या कारखान्याने मोटर-शाफ्टची लाइन टाकली. भरती निघाल्याचं कळलं तसं आम्ही आठही जणांनी स्पीड पोस्टाने पत्र पाठवलं, कारण कपात झालेल्याला नव्या भरतीत आधी विचारायचं असतं. कपातीपासून वर्षाच्या आत भरती निघाली तर हा हक्क असतो, हेही काकांनीच शोधून काढलं.

तिघांना बोलावणं आलं, त्यात मी. मशीन नवं आहे, कंट्रोलरवर बटणं जास्त, पण चाकाचा आवाज ओळखीचा. पगार १८,०००, ठरावीक मुदतीवर. नव्या कायद्यात ठरावीक मुदतीच्या कामगाराला एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी लागू होते. पत्रातली मुदत बघितली, तर ११ महिने.

मी त्यावर ‘१२ करावी’ असं पेनाने लिहून परत दिलंय. सही अजून केलेली नाही.