सीआरपीतला सी

पाडवा होऊन चार-पाच दिवस झाले होते. ऊसतोडीच्या टोळ्या माघारी आल्या की माजलगावातल्या माझ्या दवाखान्यात सहा महिन्यांचे तुंबलेले दात एकदम येतात. त्या दिवशी बाराच्या सुमारास एक ट्रॅक्टरवाला आला, गालाला उपरणं बांधलेलं, हातात लॅबचा कागद.

"डॉक्टर, सीआरपी बेचाळीस आलाय. सी म्हंजी कॅन्सरच ना?"

गडी गुटख्याचा, त्यामुळे धास्ती आधीपासूनच होती. त्यात लॅबवाल्यानं आकडा ठळक छापलेला आणि समजावणारी एक ओळ नाही. तोंड उघडायला लावलं तर दोन बोटंच कशीबशी आत गेली. सुपारीनं गालफडं आवळत चालली होती, ते प्रकरण वेगळं आणि गंभीरच. पण बेचाळीसचं कारण खालच्या अक्कलदाढेशी होतं: हिरडी टरारून सुजलेली, दाबली की पू.

त्याला म्हटलं, हा सी कॅन्सरचा नाही. सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. न्यूमोनियाच्या जंतूच्या 'सी' नावाच्या घटकाशी ते चिकटायचं, म्हणून हे नाव. शरीरात कुठंही सूज पेटली की तिथल्या पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप रक्तात सोडतात, तो यकृताला पोचतो आणि यकृत सीआरपी बनवायला घेतं. आग लागली एवढं त्यातून कळतं. कुणाच्या घराला, ते कळत नाही. "मंग दाढच ना?" एवढंच त्यानं धरलं. औषध लिहून दिलं आणि सूज उतरली की तोंडाच्या तपासणीसाठी परत यायला बजावलं.

तो उठता उठता म्हणाला, "आमच्याच टोळीतल्या मावशी बाहेर बसल्यात. मव्हा आकडा ऐकून त्यांच्या पोरानं त्यांचंबी रक्त तपासलं. त्यांचं नॉर्मल हाय."

मावशी आत आल्या, मागे नवरा आणि पोरगा. पोरानं कागद पुढं केला, सीआरपी ३.१. "नॉर्मल हाय सर, तरी एकदा बघा." मी मात्र मावशींकडे बघत राहिलो. त्यांना मी ओळखत होतो.

केसपेपर शोधला. दसऱ्याआधीची तारीख, माझंच अक्षर: डाव्या गालात जखम, तुटक्या दाढेची कड लागते, कड घासली, जेल दिलं, १५ दिवसांनी दाखवणे. दाढ टोचून झालेली जखम टोचणं थांबलं की दोनेक आठवड्यांत भरते. नाही भरली तर तुकडा काढून तपासायचा. हे मला पाठ आहे. मावशींना मात्र मी फक्त "परत या" म्हणालो होतो, कशासाठी ते बोललो नव्हतो. फोन नंबरही घेतला नव्हता. मिसरी दिवसातून चारदा लावतात हे मात्र लिहिलं होतं. आठवड्यातच टोळीचा ट्रक निघाला, उचल घेतलेली होती, मावशी कोल्हापूरकडे गेल्या.

"दुखतं का?"

"न्हाई. भाकर खाताना तिखट झोंबतं, तेवढंच."

हातमोजा चढवून बोट आत घातलं. गालफड मऊ, ओलं. मग जखमेची कड लागली आणि बोट थांबलं. वाळलेल्या चिंचोक्यासारखी कडक, कडा उचललेल्या, बोटाखाली हलेना. जबड्याखाली चाचपलं तर एक गाठ, तीही टणक.

पोरगा कागद धरून उभाच होता. त्याला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. कॅन्सरच्या गाठीतही सूज असते. इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ तिथं असतात, रुग्णांच्या लाळेत ती वाढलेली सापडतात. पण गाठ लहान असली तर तिची धग यकृतापर्यंत पुरेशी पोचेलच असं नाही. पुवाच्या दाढेनं बेचाळीस दाखवलं, हिनं तीन. असल्या तपासण्या घाऊक पॅकेजात विकणाऱ्यांवर माझा राग आहे, पण त्या दुपारी तो काढायला मला तोंड नव्हतं.

जखमेच्या कडेचा तांदळाएवढा तुकडा काढला, फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला, झाकणावर नाव लिहिलं. या वेळी तिघांचेही नंबर घेतले. आठव्या दिवशी रिपोर्ट आला: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिली, आणि दसऱ्याआधीची तारीखही त्यात घातली.

मावशी काही बोलल्या नाहीत. नवऱ्यानं चिठ्ठी घडी करून टोपीत ठेवली.

"किती दिस लागतील, डॉक्टर? आखाडात मुकादम येतो. कोयता जोडीचा असतो, एकट्याला उचल देत न्हाईत."