शंभराची नोट टेबलावर तशीच होती

३० ऑक्टोबर २०२५, गुरुवार

काल रात्री उशिरा ठाण्याला उतरलो, मुलं अर्धवट झोपेतच रिक्षात बसली, आणि आज सकाळपासून मशीनचे दोन लोड झालेत तरी पिशव्यांमधून बाणावलीची वाळू निघतेच आहे. तिसरा लोड फिरतोय तोवर लिहायला बसलेय, कारण एक गोष्ट कालपासून डोक्यातून जात नाहीये. समुद्राची नाही, मासळीचीही नाही. आमच्या खोल्या आवरायला येणाऱ्या ताईंची.

भाऊबीज २३ ला झाली आणि शनिवारी २५ ला पहाटेची जनशताब्दी पकडून आम्ही पाच जण मडगावला गेलो, मी, नवरा, दोन मुलं आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. बाणावलीला हॉटेल, दोन खोल्या, चार रात्री. बॅगा वर आणून देणाऱ्या मुलाला नवऱ्याने लगेच शंभर दिले, रात्री जेवण झाल्यावर बिलाच्या फोल्डरमध्ये वेटरसाठी दीडशे ठेवले, टॅक्सीवाल्या काकांना वरचे सुट्टे राहू द्या म्हणालो. यातल्या कशावर आम्हाला एकमेकांना विचारावंसुद्धा लागलं नाही, कारण ती माणसं समोर उभी होती, त्यांच्या डोळ्यात बघून हात आपोआप खिशात गेला.

रविवारी सकाळी बीचवर गेलो आणि एकच्या सुमारास परत आलो तर खोली ओळखू येईना. जाताना आम्ही जे काही करून गेलो होतो ते मला आठवत होतं, ओल्या चड्ड्या खुर्चीवर, बिस्किटांचा चुरा पलंगावर, बाथरूममध्ये वाळूचा थर, आणि आईंच्या उशीच्या अभ्र्यावर तेलाचे डाग, कारण दिवाळी झाली तरी त्यांचं रोज डोक्याला तेल असतंच. सगळं गायब. धाकट्यासाठी टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवलेला. आणि आईंनी आरशासमोर गणपतीचा छोटासा फोटो ठेवला होता, तो कुणीतरी उचलून, टेबल पुसून, हात पुसायच्या स्वच्छ नॅपकिनची घडी घालून त्यावर परत नीट ठेवला होता. आई कितीतरी वेळ त्या नॅपकिनकडे बघत होत्या. हे ज्या कुणी केलं ते माणूस आम्ही पाहिलंही नव्हतं.

सोमवारी निघताना मी टेबलावर पाण्याच्या ग्लासाशेजारी शंभराची नोट ठेवली. परत आले तर खोली पुन्हा तशीच लख्ख, ग्लास धुऊन उलटे घातलेले, आणि नोट तिथेच. फक्त उडून जाऊ नये म्हणून हॉटेलच्या पेनाखाली सरळ करून ठेवलेली. मला जरा लागलंच. वाटलं कमी वाटले का, की इथे घेतच नाहीत, की माझंच काही चुकलं.

रात्री नवऱ्याशी यावर बोलणं झालं आणि ते जरा वाढलंच. त्याचं म्हणणं सरळ होतं, त्यांना पगार असतो, खोलीच्या भाड्यात साफसफाई धरलेली असते, आणि सर्व्हिस चार्ज वगैरे जातोच की त्यांच्याकडे. मी म्हटलं कुठला सर्व्हिस चार्ज, दुपारचं बिल काढ. काढलं. त्यात तो नव्हताच, आणि असता तरी तो द्यायचा की नाही हे आपल्या मर्जीवर आहे, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय की हॉटेलांनी तो आपणहून बिलात लावायचा नाही, आणि यंदा २८ मार्चला दिल्ली हायकोर्टानेही ते उचलून धरलं. म्हणजे आपण मनाशी धरून बसतो की कुठूनतरी त्यांच्यापर्यंत पैसे पोचत असतील, आणि ते "कुठूनतरी" नक्की कुठून ते कुणी बघत नाही. पगाराचं म्हणशील तर पगार वेटरलाही असतो, मग त्याला दीडशे का दिलेस? यावर तो गप्प झाला. रागावून नाही, खरंच विचार करत होता.

मला राहून राहून आठवत होतं की आठवडाभरापूर्वीच मी घरी दिवाळीची पोस्त वाटली होती. वॉचमन, कचरा नेणारे दादा, पेपर टाकणारा मुलगा, सगळ्यांची पाकिटं, वहीत नावासकट लिहिलेली, आणि धुण्याभांड्याच्या मावशींना एक जादा पगार, त्यात कुणाची घासाघीस नाही. माझ्या माहेरी तर पोस्त दिल्याशिवाय बाबा फराळाला बसायचे नाहीत. मग तेच आपण, घरापासून पाचशे-सहाशे किलोमीटरवर गेल्यावर, आपलं अंथरूण उचलणाऱ्या, आपलं संडास-बाथरूम धुणाऱ्या माणसाला कसे काय विसरतो?

त्याच रात्री धाकट्याला उलटी झाली. चादर, उशी, गादीचा कोपरा, सगळंच. दोन वाजता मी बाथरूममध्ये चादर खंगाळत बसले होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं की हे दुसऱ्याने कसं काय काढायचं. मंगळवारी मी मुद्दाम खोलीत थांबले. साडेनऊला दार वाजलं आणि ट्रॉली घेऊन त्या ताई आल्या. छातीवर नावाची पट्टी होती, नाव इथे लिहीत नाही. ओली चादर बघून त्या काही बोलल्याच नाहीत, आधी पोराच्या कपाळाला हात लावला, मग म्हणाल्या, "ताप न्हाई बघा. तुम्ही कशाला धुतला ताई ते, मी करतो की."

बाईमाणूस "मी करतो" म्हणतेय हे ऐकून आई पलीकडच्या खोलीतून लगबगीने आल्या, "बेळगावकडची का गं तू?" आईंचं माहेर निपाणीचं, त्यांना त्या एका वाक्यावरून कळलं. खानापूर तालुक्यातल्या निघाल्या त्या. मग काय, हात चालू आणि बोलणंही चालू.

दिवसाला चौदा खोल्या. मी दोनदा विचारलं, चौदा? सीझनला कधी सोळा. त्यातही आमच्यासारख्या राहत्या पाहुण्यांच्या खोल्या बऱ्या, त्रास चेकआउटच्या खोल्यांचा, कारण तिथे ड्रॉवरपासून पलंगाखालपर्यंत सगळं काढावं लागतं, पाहुणा अकराला जाणार आणि नवा दोनला येणार, म्हणजे मजल्यावरच्या सगळ्या रिकाम्या खोल्या त्या तीन तासांत. गादीचा कोपरा उचलून चादर खाली खोचायची, एका पलंगाचे चार कोपरे, असे किती ते मोजूच नका म्हणाल्या, संध्याकाळी मनगट धरून येतं. आणि कुणी दुपारी चारपर्यंत दाराला डू नॉट डिस्टर्ब लावून ठेवलं की ती खोली शिफ्ट संपता संपता परत करायला यायचं. हे ऐकताना मला आठवलं की पहिल्या दिवशी मुलं झोपावीत म्हणून ती पाटी आम्हीच लावली होती आणि काढायला विसरलो होतो.

त्यांचा मुलगा माझ्या धाकट्याच्याच वयाचा आहे, पहिलीत, आजीकडे असतो गावाला. दिवाळीला गेलात का विचारलं तर म्हणाल्या, "दिवाळीत कुठली सुट्टी, तुम्ही सगळे येतासा न्हवं तेव्हा." तक्रार अजिबात नव्हती आवाजात, माहिती दिल्यासारखं सांगितलं त्यांनी.

मग मी त्या नोटेचं विचारलं. म्हणाल्या, ताई, टेबलावर पैसे असले की आम्ही हात लावत न्हाई. पाहुणा राहत असताना खोलीतली नोट उचलली आणि तो नंतर म्हणाला की माझे पैसे गेले, तर कुणी आमचं ऐकत न्हाई, थेट घरी. त्यामुळे पैसे दिसले तर जिथे आहेत तिथेच ठेवायचे, पुसायचं ते बाजूनं पुसायचं. चिठ्ठी लिहून ठेवली असेल, "हे तुमच्यासाठी" म्हणून, तर घेता येतं. नाहीतर हातात.

एवढी साधी गोष्ट. आणि मी सोमवारी दिवसभर मनात धरून होते की पैसे नाकारले.

मी तीच नोट त्यांच्या हातात दिली. पर्समध्ये बाकी सुट्टे नव्हते, एटीएममधून काढलेल्या पाचशेच्या दोन नोटा तेवढ्या होत्या आणि त्या टॅक्सीसाठी धरलेल्या, म्हणून विचारलं जीपे करू का, तर फोन ड्युटीवर जवळ ठेवायला नाही, खाली लॉकरमध्ये असतो. म्हटलं हरकत नाही, जाताना देऊ सगळं एकदम. त्या हसल्या फक्त. इथेच मी चुकले आणि मला ते तेव्हा कळलं नाही.

आईंचं मात्र असं काही "जाताना" वगैरे नसतं. त्यांनी घरून आणलेल्या फराळाच्या डब्यातून चकल्या आणि बेसनाचे लाडू पिशवीत भरले, "पोराला पाठव" म्हणून. ताई मागे सरकल्या. बाहेर पडताना गेटवर पिशव्या तपासतात, हॉटेलातलं काही बाहेर नेतोय का म्हणून, खाऊ असला तरी पाहुण्याची सही लागते. आईंनी चष्मा लावला, हॉटेलच्याच कागदावर लिहिलं, "हा फराळ मी माझ्या हाताने केलेला आहे आणि यांना मी दिलेला आहे", खाली खोली नंबर आणि पूर्ण नाव, अगदी बँकेत करतात तशी सही. ताईंनी तो कागद चार घड्या करून खिशात ठेवला.

बुधवारी सकाळी नवरा स्वतःहून खाली जाऊन दुकानातून पाचशेचे सुट्टे करून आला. मी आदल्या रात्री त्याला सगळं सांगितलं होतं. दार वाजलं तर समोर दुसराच मुलगा, ओडिशाचा, विशीतला. दीदी का आज ऑफ है.

बुधवार हा त्यांचा सुट्टीचा दिवस. तीन दिवस ज्यांनी आमच्या दोन्ही खोल्या काढल्या, रात्रीची ती चादर काढली, त्यांना आम्ही निघतानाच्या दिवसावर टाकलं आणि त्या दिवशी त्या तिथे नव्हत्याच. त्यांनी मंगळवारी सांगितलं का नाही, असं नवरा म्हणाला. कसं सांगणार? "उद्या मी नाही, आजच द्या" असं कुठल्या तोंडाने म्हणायचं माणसाने? ते आपण विचारायचं असतं.

त्या मुलाला त्या दिवसाच्या दोन खोल्यांचे दोनशे हातात दिले. मग खाली बिल करायला गेलो. दोन खोल्यांचे चार रात्रींचे ३२,०००, वर पाच टक्के जीएसटी १,६००. २२ सप्टेंबरपासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांचा जीएसटी बारावरून पाचवर आलाय, आधी गेलो असतो तर ३,८४० लागले असते. नवऱ्याने तिथेच हिशोब केला, २,२४० वाचले, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, पाचशे ठेवू त्यांच्यासाठी, मग म्हणाला, खोलीमागे रोजचे शंभर धरले तर तेही कमी पडतात, सहाशे कर. मंगळवारचे शंभर वेगळे, ते त्यात धरायचे नाहीत, हेही तोच म्हणाला. सोमवारी रात्री वाद घालणारा हाच.

रिसेप्शनवर म्हणाले, मॅडम, टिप बॉक्समध्ये टाका, सगळ्यांना वाटून जातं. मला ते नको होतं. सगळ्यांना मिळावं याबद्दल काहीच म्हणणं नाही, पण हे पैसे एका माणसाचे होते, ठरलेले होते. मी हाउसकीपिंगच्या सुपरवायझर बाईंना बोलवायला सांगितलं. पाकिटावर मराठीतच लिहिलं, त्यांचं नाव, आमचे दोन खोली नंबर, आणि "रवि, सोम, मंगळ, तीन दिवसांचे. आम्ही दिलेत." सुपरवायझर बाईंनी रजिस्टरमध्ये नोंद केली, माझी सही घेतली, म्हणाल्या, उद्या सकाळी आली की देते. बाई बऱ्या वाटल्या. गाडीत बसेपर्यंत आई दोनदा विचारत होत्या, देईल ना गं ती?

आज बँकेत जाऊन शंभराच्या वीस नोटा आणायच्यात, जानेवारीत गणपतीपुळ्याला जायचं ठरतंय, त्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवून देईन, सोबत कोऱ्या चिठ्ठ्याही. रोजच्या रोज द्यायचे आता, जो त्या दिवशी येईल त्याला, दार वाजवेल तेव्हा.

मशीन थांबलंय. अकरा वाजून गेले, म्हणजे तिथे चेकआउटच्या खोल्या सुरू झाल्या असतील. आज गुरुवार आहे, ताई ड्युटीवर असतील.