सीना-भीमेच्या बेचक्यातून सायकलने कुडल संगमापर्यंत

सोलापुरातून सायकल बाहेर काढली की चारही दिशांना हायवेच लागतो. पुणे रोड, हैदराबाद रोड, विजापूर रोड, तुळजापूर रोड. डांबर गुळगुळीत असतं, पण कानाशी सतत ट्रक. शहरापासून सायकलने तासाभरावर, दक्षिण सोलापूर तालुक्यात, सीना आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात मुरमाच्या वाटांचं जाळं आहे. तिथं दिवसभर फिरलं तरी काही मोटारसायकली, एखादा ट्रॅक्टर आणि मेंढरांचे कळप एवढीच रहदारी भेटते. जानेवारीत मी हीच फेरी केली. रुंद टायरची सायकल असलेल्या प्रत्येकाने ती करावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

आधी नकाशा डोक्यात बसवून घ्या. सोलापूर-विजापूर रस्ता दक्षिणेला जाताना वडकबाळला सीना ओलांडतो, मग मंद्रूप लागतं आणि त्याच्या पुढे टाकळीला भीमा. टाकळीच्या पुलापलीकडे कर्नाटक. दोन्ही नद्या रस्त्याच्या पूर्वेला जाऊन कुडलला एकमेकींना मिळतात. म्हणजे रस्ता, सीना आणि भीमा यांचा एक त्रिकोण होतो आणि आपल्याला त्याच्या दोन नद्यांच्या बाजू धरून फिरायचं आहे. घरापासून घरापर्यंत धरलं तर साधारण 90 ते 100 किलोमीटर. चढ म्हणावा असा चढ कुठेच नाही. दमवतो तो मुरूम आणि ऊन.

पहाटे अंधारातच निघा. सोरेगाव, हत्तूर, वडकबाळ हा टप्पा हायवेचा आहे आणि तो उजाडेपर्यंत संपलेला बरा. मागचा लाल दिवा आणि अंगात चकाकणारं जाकीट हवंच. मी टाकळीपर्यंत डांबरानेच गेलो आणि तिथून भीमेचा काठ धरून पूर्वेला वळलो. कारण सरळ आहे. थंडीत इकडे वारा बहुतेक पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो आणि नऊ-दहानंतर जोर धरतो. सकाळी तो पडलेला असतो, तेवढ्यात पूर्वेकडची बाजू उरकून घ्यायची.

टाकळीनंतर खरी मजा सुरू होते. एका बाजूला उसाचे फड, दुसऱ्या बाजूला नदीवर बसवलेल्या मोटारींच्या पाइपलाइनी, मधून गाडीवाट. काठापासून थोडं वर सरकलं की ऊस संपतो आणि शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, लागतो. जानेवारीत कणसं भरलेली असतात, हुरड्याचा मोसम. हरभऱ्याचे घाटे, करडईचा पिवळा काटेरी पट्टा, आणि दर थोड्या अंतरावर बाभळीखाली कुणीतरी बसलेलं.

इथे जमिनीबद्दल सांगायलाच हवं, कारण या फेरीत सगळं तिच्यावर ठरतं. नदीकाठची जमीन काळी आणि खोल. कोरडी असताना ती सिमेंटसारखी टणक आणि भेगाळलेली असते. ओली झाली की चाकाला चिकटते, टायर आणि फ्रेमच्या मधे भरते, आणि सायकल ढकलणंसुद्धा होत नाही. काठापासून वर जाल तशी माती उथळ होते आणि मुरूम लागतो. मुरमावरचं पाणी लगेच निचरून जातं. म्हणून पाऊस पडून गेल्यावर चार-पाच दिवस थांबा, आणि तरीही शंका असेल तर काठाची वाट सोडून वरची धरा. पाऊस नसतानाही ओल भेटते ती उसाला सोडलेल्या पाण्याची. एका वळणावर हेच झालं असतं, पण पाणी पाजणाऱ्या एका आजोबांनी लांबूनच हात केला. ‘ओ मालक, पुढं चिक्कल हाय, वरच्या वाटंनं जावा.’ त्यांच्याच बांधावरून वाट दाखवली. मोबाईलवरच्या नकाशात ती वाट नव्हती.

त्यामुळे माझा आग्रह असा की या भागात नकाशापेक्षा माणसांना विचारा. होनमुर्गी, राजूर, संजवाड, औराद, बरूर, हत्तरसंग अशा गावांची नावं घेऊन वाट विचारली की लोक नीट सांगतात. सीमेजवळच्या बऱ्याच घरांत कन्नड बोलतात, पण मराठीत विचारलं की मराठीत उत्तर मिळतं. ‘रस्ता कुठला?’ असं विचारलंत तर तुम्हाला डांबरीवर नेऊन सोडतील. ‘पाणंद कुठनं जाते?’ किंवा ‘शिवरस्ता हाय का?’ असं विचारा. पाणंद म्हणजे शेतांमधून जाणारी गाडीवाट, शिवरस्ता म्हणजे गावाच्या शिवेवरची वाट. या वाटा शेतकऱ्यांनी वहिवाटीने राखलेल्या आहेत, काहींवरून भावकीत वादही असतात. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर समोर आला की आपण उतरून बाजूला व्हायचं. उभ्या पिकातून सायकल घालायची नाही. हुरडा कुणी हातावर ठेवला तर जरूर खा, स्वतःहून कणीस मोडू नका.

वाटेवर पाइपलाइनीसाठी खणलेल्या आडव्या चऱ्या असतात, त्या गवतात दिसत नाहीत. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला आलेल्या महापुराने काठची माती खरवडून नेली, त्यामुळे सीनेच्या बाजूला वाट मधेच तुटलेली असू शकते. उतारावर वेग आवरा.

कुडलचा संगम हा या फेरीचा गाभा आहे. तिथं तास-दीड तास तरी द्या. भीमेचं रुंद पात्र आणि त्याला येऊन मिळणारी सीना काठावरून समोर दिसते. मंदिरं दोन आहेत, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर, चालुक्य काळातली. संगमेश्वराच्या तुळईवर शके 940 चा, म्हणजे इ. स. 1018 चा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. जो हे वाचील तो विजयी होईल, असं त्यात म्हटलंय. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी या नदीकाठी आपल्या भाषेत वाचणाऱ्याचं भलं चिंतलं. त्या तुळईखाली उभं राहिल्यावर अंगावर काटा आला. हरिहरेश्वराच्या आवारात मातीचा ढिगारा उपसताना सापडलेलं बहुमुखी शिवलिंग आहे, त्यावर 359 मुखं कोरलेली आहेत. सायकलचे बूट बाहेर काढून जा, आणि दगड तापायच्या आत जा.

नदीत उतरायचा मोह आवरा. भीमेचं पाणी उजनी धरणातून सोडलं जातं. सोलापूर शहरासाठी ते पात्रातूनच औजच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, त्यामुळे वर पावसाचा थेंब नसतानाही पात्र भरू शकतं. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल, मग ते घोट्याएवढं का असेना, सायकल घेऊन त्यावर जायचं नाही.

परतताना सीनेचा उजवा काठ धरून वडकबाळकडे वर या. हा भाग मला भीमेपेक्षाही आवडला. नदी लहान, काठ जवळ, बाभळींची सावली जास्त. पण काटेही जास्त. एकाच साध्या ट्यूबच्या भरवशावर ही फेरी करू नका. 40 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर, ट्यूबलेस असेल तर सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रावण) ताजं, नसेल तर दोन जादा ट्यूब, पॅच आणि पंप. बाभळीचा काटा सीलंट झेलतो; सराट्याचे काटे एकाच वेळी डझनभर घुसतात, म्हणून गवतात सायकल आडवी टाकू नका. मेंढरांच्या कळपाबरोबर धनगरांची कुत्री असतात. लांबूनच उतरा, सायकल मधे ठेवून चालत जा, मेंढपाळाला हाक मारा. तो कुत्र्यांना आवरतो.

पाणी तीन लिटर तरी जवळ ठेवा. मंद्रूपला हॉटेलं, मेडिकल, पंक्चरवाला सगळं आहे. त्यानंतर लहान गावांत चहा आणि बिस्किटं यापलीकडे भरवसा धरू नका. मी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेली होती. प्रवासाला याहून चांगलं काही नाही, मोडत नाही, विटत नाही, आणि चटणीतल्या मिठाने घामाची भरपाई होते. वाटेत एका मावशींनी वर दही दिलं, पैसे घेतले नाहीत.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतच जा. मार्चनंतर दुपार सोसत नाही, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. गाळपाच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर डांबरी फाट्यांवर आणि हायवेवर असतात, मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. त्यामुळे अंधार पडायच्या आत वडकबाळ गाठा. पुण्या-मुंबईहून रेल्वेने येणाऱ्यांनी सायकल सामानाच्या डब्यातून आणण्याची चौकशी आदल्या दिवशीच पार्सल ऑफिसात करावी, आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेचा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा, आठवडा टाळावा. तेव्हा शहरात लॉज मिळणं अवघड होतं.