दोन पिस्तुलं, जागा एकच

डिसेंबर 2020 मध्ये आमच्या दुकानात झालेली गर्दी हत्यारं घ्यायला नव्हे, ठेवायला आली होती. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनं माणशी तीनाऐवजी दोनच हत्यारांची मुभा ठेवली. तिसरं हत्यार वर्षभरात पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं होतं. वर्षभर कुणी हललं नाही. डिसेंबर उजाडल्यावर सगळ्यांना एकदम आठवण झाली. त्यात करोना, आणि वर ग्रामपंचायतीच्या निवडणुका, म्हणजे आचारसंहितेसाठी जमा होणारी हत्यारं वेगळीच.

मी या दुकानात दुरुस्तीचं काम करतो. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर पिस्तुलं खोलतो आणि जोडतो. खरा वेळ नोंदवहीत जातो. हत्यारावरचा नंबर, परवान्यावरचा नंबर आणि वहीतला नंबर जुळले पाहिजेत. तीस वर्षांपूर्वी कुणा कारकुनानं 3 चा 8 केला असेल तर त्याचं प्रायश्चित्त आज आम्ही घेतो.

त्या गर्दीत सातारा भागातले एक सत्तरी उलटलेले गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलगी त्यांना आबा म्हणत होती, म्हणून मीही आबाच म्हणतो. परवान्यावर तीन हत्यारं होती. वडिलोपार्जित बारा बोरची दुनळी, कोल्ट 1903 आणि वॉल्थर पीपी. दुनळीला हात लावायचा नव्हता, उसात रानडुकरं घुसतात. म्हणजे दोन पिस्तुलांतलं एकच घरी जाणार होतं.

"मिस्त्री, तुम्ही सांगाल ते ठेवतो," आबा म्हणाले. असं म्हणणाऱ्या गिऱ्हाईकानं मनाशी आधीच ठरवलेलं असतं.

जुन्या पिस्तुलांचा विषय निघाला की हल्लीची पोरं कोल्ट 1911, ल्यूगर, ब्राउनिंग हाय-पॉवर ही नावं घेतात. .45 आणि 9 मिमी पॅराबेलम हे बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची मापं, आपल्याकडे प्रतिबंधित, त्यामुळे ती नावं घेऊन गप्प बसायचं. सामान्य परवानाधारकाची जुनी पिस्तुलं म्हणजे बहुतेक .32. या काडतुसाचा आराखडा जॉन ब्राउनिंगनं बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी 1899 च्या सुमारास केला. वेब्ली अँड स्कॉट, एफएन 1910, कोल्ट, वॉल्थर, सगळी याच काडतुसावर चालतात. 1980 च्या दशकाच्या मध्यात खाजगी आयात बंद झाली. तोवर देशात जी आली तीच फिरताहेत आणि मोडक्या पिस्तुलालाही लाखांत भाव आहे. त्यामुळे जुनं म्हणजे चांगलं, असा समज पसरलाय. माझ्या बाकावर येणाऱ्या जुन्या पिस्तुलांतली निम्मी तरी कुणा मिस्त्रीनं आधीच मारून ठेवलेली असतात.

वॉल्थर आधी हातात घेतलं, कारण ते आरशासारखं चमकत होतं. आबांच्या वडिलांनी कधीतरी त्यावर निकेल चढवून घेतलं होतं. मुलामा चढवण्याआधी बफ मारावा लागतो, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चकाकी आणावी लागते, आणि बफ धरणाऱ्याला हात आवरत नाही. स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, कडा गोल झालेल्या, पिनांची भोकं बशीसारखी खोलगट. स्लाइडवरच्या अक्षरांना कड उरली नव्हती. मुकुट आणि त्याखाली एन हा युद्धाआधीचा जर्मन चाचणी-शिक्का नखानं चाचपला तरच लागत होता. संग्राहकाच्या नजरेनं पिस्तूल तिथेच बाद.

पण पीपी म्हणून त्याची करामत शाबूत होती. 1929 मध्ये हे आलं तेव्हा खिशातल्या पिस्तुलात असं काही नव्हतं. नळीत गोळी असताना सेफ्टी खाली केली की उभा घोडा, म्हणजे काडतूस पेटवणाऱ्या पिनेवर आपटणारी हातोडी, आपोआप पडतो, तरी बार होत नाही, कारण सेफ्टीचा आडवा दांडा वळून पिनेच्या आड आलेला असतो. पुढची गोळी मारायची तर सेफ्टी वर करून नुसता चाप ओढायचा.

हे सगळं दांड्याच्या भरवशावर. म्हणून मी रिकाम्या पिस्तुलाला पेन्सिल लावून बघतो. नळीचं तोंड वर करायचं, खोडरबराचं टोक खाली राहील अशी पेन्सिल आत सोडायची, घोडा चढवायचा आणि सेफ्टी पाडायची. पेन्सिल जागची हलता कामा नये. आबांच्या वॉल्थरमधून ती चांगली वीतभर उडाली आणि बाकाखाली गेली.

आबांनी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे गोळी असती तर छताला भोक."

त्यांनी ते पिस्तूल कित्येक वर्षं असंच भरून, सेफ्टी पाडून उशाशी ठेवलं होतं. मुलीचा चेहरा बघवेना. दांडा बाहेर काढला तर त्याच्या खांद्यावर कानशीच्या रेघा होत्या. निकेलचा थर चढल्यावर तो घट्ट झाला असणार आणि कुणीतरी तो घासून 'मोकळा' केला होता. अशा कारागिरांचा मला राग येतो. हात चांगला असतो, पण भाग कशासाठी आहे याचा विचार शून्य.

मग कोल्ट. बाहेरून अगदीच कळाहीन. ब्लू, म्हणजे पोलादावरचा गंज रोखणारा निळा-काळा थर, उडून तपकिरी झालेला, मुठीच्या पुढच्या अंगाला घामानं पार पांढरा. स्लाइड मागे ओढून खूण जुळवली, नळी फिरवली, पिस्तूल अलगद सुटं झालं. आतल्या कडा धारदार होत्या. स्क्रूच्या खाचा कोऱ्या, म्हणजे चुकीचा पेचकस कधी लागलाच नव्हता. स्लाइडवरचा उधळलेल्या घोड्याचा कोल्टचा शिक्का केसापर्यंत स्पष्ट. या पिस्तुलाला हॅमरलेस म्हणतात ते खोटं, हॅमर, म्हणजे पिनेवर पडणारा घोडा, आहे, फक्त स्लाइडच्या आत झाकलेला. 1903 ते 1945 पर्यंत अशी साडेपाच लाखांच्या वर बनली, त्यामुळे जगात ते दुर्मीळ नाही. पण इथे, आणि कुणीही हात न लावलेलं, हे मी फार थोड्या वेळा पाहिलंय.

वॉल्थरला एका निकामी पीपीचा दांडा काढून बसवला. पेन्सिल हलेना झाली तेव्हाच दोन्ही पिस्तुलं रेंजवर नेली. काडतुसं खडकीच्या कारखान्याची, बुडावर केएफ शिक्का असलेली. आबांना वॉल्थरची पहिली गोळी कागदावर लागेना. घोडा पडलेला असताना चाप इतका जड येतो की मनगट खाली जातं. दुसरीपासून ठीक. कोल्टचा चाप पहिल्यापासून सारखा, आणि नेम धरायची मागची खाच नखाएवढी असूनही मुलीनं पंधरा मीटरवर तळहाताएवढ्या जागेत मॅगझिन रिकामं केलं. ती बालेवाडीला नियमित नेम धरते, हात तयार आहे.

माझा हिशोब सरळ होता. नेमबाजीला कोल्ट, संग्रहाला कोल्ट. मुलगा पुण्यात आयटीत, तो फोनवरून म्हणाला, किंमत कुणाची जास्त ते सांगा, ते विकू. त्याचं उत्तरही कोल्टच.

आबांनी वॉल्थर ठेवलं.

चिडून कारण विचारलं तर त्यांनी उजवा अंगठा पुढे केला. सांधे सुजलेले, गाठ आलेली. कोल्टची स्लाइड ओढताना स्प्रिंग आणि आतला हॅमर दोघांशी एकदम झुंजावं लागतं, ते त्यांना जमत नव्हतं. वॉल्थरचा घोडा बाहेर असल्यानं तो तळहातानं आधी चढवता येतो, मग स्लाइड हलकी जाते. रेंजवर कोल्ट दर वेळी मुलगी भरून देत होती. ते मी पाहिलं होतं, फक्त मोजमापात धरलं नव्हतं. आमच्या धंद्यात हत्यार तपासतात, हात कुणी तपासत नाही.

कोल्ट आमच्याकडे जमा झालं. सत्तरी पार केलेल्या परवानाधारकाला 2016 च्या नियमांनुसार हयातीतच वारसाच्या नावे हत्यार करता येतं, म्हणून मुलीनं स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज टाकला. मुदत संपल्यावर नव्वद दिवसांत जादा हत्यार परवान्यावरून उतरवायचं, म्हणजे फाइल हलणं गरजेचं. संबंधित कचेरीनं पहिला आक्षेप काढला, अर्जदाराचं आडनाव वडिलांपेक्षा वेगळं का? लग्न झालंय म्हणून, हे लेखी द्यावं लागलं. मग भावाची ना-हरकत. विकलं असतं तर पैसे आले असते, या हिशोबात तोही अडला. आबांनी त्याला काय सांगितलं माहीत नाही, पण सही आली. परवाना हातात पडायला पावसाळा संपला. तोवर कोल्टला तेल लावायचं काम माझं, आणि ते मी नाखुशीनं केलं असं म्हणणार नाही.

अमेरिकेत जुन्या पिस्तुलांचे शौकीन एक पिस्तूल तिजोरीत जपतात आणि तसंच दुसरं, घासलेलं, रेंजवर झिजवतात. आपल्याकडे दोनाची मर्यादा, त्यातली एक दुनळी. मग उरलेल्या एकाच पिस्तुलानं जपलंही जायचं आणि चालायचंही. रिकामं काडतूस बाहेर ओढणारं शंभर वर्षांचं एक्स्ट्रॅक्टर तुटलं तर दुकानात मिळत नाही, पोलाद घासून घडवावं लागतं, आणि एकदा माझा भाग आत गेला की ते पिस्तूल कोरं राहत नाही.

मुलगी कोल्ट न्यायला आली तेव्हा पुढची स्पर्धा, सराव सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, "काका, मुठीजवळ गंज धरतोय. चांगला काळाभोर ब्लू मारून द्या ना."

मी नाही म्हणालो. तेल लावत जा, घाम पुसत जा, म्हटलं. ती म्हणाली, "पण हे मी वापरणार आहे, काचेत नाही ठेवणार." बरोबरच होतं तिचं. तरी मी स्प्रिंग तेवढी नवी घालून दिली, जुनी कागदात गुंडाळून पेटीत ठेवली, आणि ब्लूला दुसरा मिस्त्री बघ म्हणालो. दुसरा मिस्त्री कसा बफ मारतो हे मला माहीत असून म्हणालो. अजून तरी तिनं कुणाकडे दिलेलं नाही, पण गेल्या खेपेला काडतुसं घ्यायला आली तेव्हा तिनं पुन्हा विचारलंच.